नकाशा रंगवण्याआधी

प्रिय मुली,

तुझ्या प्रबंधाचा आराखडा आणि सोबतचा बालगुन्हेगारीचा रंगीत नकाशा मिळाला. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर गडद लाल. सिंधुदुर्ग आणि गडचिरोली जवळजवळ पांढरे. खाली एका ओळीत गृहीतक: शहरीकरण वाढतं तशी बालगुन्हेगारी वाढते. प्रबंधाच्या दुसऱ्या भागात तुला जिल्हावार निकाल ताडून बघायचेत, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांची प्रकरणं ज्यांच्यापुढे चालतात त्यांपैकी कुठलं बाल न्याय मंडळ कडक आणि कुठलं मवाळ. तुझ्या मार्गदर्शकांना कल्पना आवडली आहे, असंही लिहिलंयस. मला विचारलंस म्हणून स्पष्ट सांगते. नकाशात खोटं काही नाही, पण तो मुलांचा नकाशा आहे असं तू धरून चालली आहेस, आणि तो बऱ्याच अंशी पोलीस ठाण्यांचा आहे. मुलं त्यात दिसतात ती ठाणे अंमलदाराच्या पेनातून उतरलेली.

आधी आकड्यांचंच घेऊ, कारण तुझी अर्धी पानं एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, तक्त्यांवर उभी आहेत. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलगा सोळाव्या वर्षापर्यंत बालक होता आणि मुलगी अठराव्यापर्यंत. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठराची रेषा आखली आणि तो १ एप्रिल २००१ पासून लागू झाला. आता तक्ता उघड. २००० साली मुलांच्या नावावर नोंदलेले भारतीय दंड संहितेचे गुन्हे ९,२६७, आणि २००१ साली १६,५०९. एका वर्षात देशातली पोरं इतकी बिघडली का? कोणी बिघडलं नव्हतं. कालपर्यंत जी सोळा-सतरा वर्षांची मुलं मोठ्यांच्या रकान्यात मोजली जात होती ती लहानांच्या रकान्यात आली, एवढंच. आजही पकडल्या गेलेल्यांपैकी दर चारात सुमारे तीन याच सोळा ते अठरा वयाचे असतात. म्हणजे आकड्याचा सगळ्यात मोठा तुकडा रेषा कुठे आखली यावर ठरतो.

राज्यांचंही तसंच. २०२२ च्या अहवालात देशभरात ३०,५५५ प्रकरणं आहेत आणि संख्येने महाराष्ट्र सगळ्यात पुढे, साडेचार हजारांच्या आसपास. त्या वर्षी बऱ्याच बातम्यांचा मथळा तोच होता. पण मुलांच्या लोकसंख्येमागे दर काढलास तर देशाची सरासरी लाखामागे सातच्या आसपास येते आणि दिल्ली एकटी चाळीसच्या वर जाते. उत्तर प्रदेश, जिथे देशातली सर्वाधिक मुलं राहतात, तो संख्येतही महाराष्ट्राच्या कितीतरी खाली. तिथली पोरं आपल्यापेक्षा सरळमार्गी आहेत, असं तुला मनापासून वाटतं का? दिल्ली म्हणजे सगळं शहर, पावलापावलावर चौकी. तिथे नोंद होणारच. एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी मोजणी सर्वात गंभीर कलमाखालीच होते, हेही लक्षात ठेव. किरकोळ भानगडी या तक्त्यात बुडून जातात.

आता जे बाहेरच्या अभ्यासकांच्या सहसा ध्यानात येत नाही ते. बाल न्याय कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला आठवा नियम वाच, शांतपणे, दोनदा. घृणास्पद गुन्हा असेल (कायद्याने किमान सात वर्षं शिक्षा सांगितलेला, त्यावर पुढे लिहिते) किंवा मुलाने मोठ्या माणसांच्या सोबतीने गुन्हा केला असेल, तरच एफआयआर नोंदवायचा. बाकी सगळ्या प्रकरणांत स्टेशन डायरीत नोंद करायची, नमुना १ मध्ये मुलाची सामाजिक पार्श्वभूमी भरायची आणि कागद मंडळाकडे पाठवायचे. नियम सगळीकडे एकच. पाळणारे मात्र वेगळे. एखाद्या ठाण्यातला बाल कल्याण पोलीस अधिकारी प्रशिक्षण घेऊन आलेला असतो, तो सायकलचोरीची डायरी करतो आणि बापाला बोलावून घेतो. शेजारच्याच ठाण्यात तक्रारदार वजनदार असतो, किंवा महिन्याचा आकडा दाखवायचा असतो, तिथे त्याच सायकलीचा गुन्हा नोंद होतो. तुझ्या नकाशात पहिलं ठाणं पांढरं आणि दुसरं लाल. मी ज्या जिल्ह्यांत परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, मुलाच्या घरची चौकशी करून मंडळाला अहवाल देणारा) म्हणून काम केलं तिथे नवा पोलीस अधीक्षक आला की बालगुन्हेगारी चढायची किंवा उतरायची. पोरं तीच असायची, गल्ल्याही त्याच.

काही वस्त्यांचं तर वेगळंच. सोलापूर, बीड, धाराशिव, अहिल्यानगर या पट्ट्यात काम करशील तेव्हा पारध्यांच्या पालांवर जरूर जा. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, सवय गेली नाही. चार कोसांवर घरफोडी झाली की आधी पालावरची पोरं उचलली जातात. त्यातली बरीचशी पुढे सुटतात, पण तोवर तक्त्यात एक-एक आकडा वाढलेला असतो, आणि पोराच्या नावापुढे 'पूर्वी ताब्यात घेतलेला' ही नोंद चिकटलेली असते. पुढच्या वेळी मंडळासमोर तीच नोंद त्याच्या जामिनाच्या आड येते. उलट मोठ्या शहरातल्या उच्चभ्रू सोसायटीत पोरगा दुकानात चोरी करताना सापडला की प्रकरण मॅनेजरच्या केबिनमध्येच मिटतं. तो कुठल्याच तक्त्यात येत नाही.

म्हणून म्हणते, जिल्ह्याचा रंग बघून तिथल्या मुलांबद्दल निष्कर्ष काढू नकोस. पण याचा अर्थ प्रादेशिक फरक नसतातच, असाही घेऊ नकोस. ते असतात आणि फार बोलके असतात, फक्त ते संख्येत नसून प्रकारात असतात. लोकल गाडीच्या दारात उभ्या माणसाच्या हातावर फटका मारून मोबाइल पाडणारी पोरं तुला कल्याण-ठाणे पट्ट्यात भेटतील, लातूरला भेटणार नाहीत. मालेगावात नशेच्या कुत्ता गोळीचा विषय निघेल, मुंबईत एमडी या अमली पदार्थाच्या पुड्या पोहोचवणाऱ्या पोरांचा, रेल्वे स्टेशनच्या आसपास व्हाइटनर हुंगणाऱ्यांचा. पुण्यात कोयता. गेल्या काही वर्षांत पुण्याच्या उपनगरांत कोयता नाचवत गाड्या फोडणं, त्याचा व्हिडिओ काढणं आणि तो मोबाइलवर फिरवणं हा एक प्रकारच होऊन बसला आहे. त्या पोरांना लूट नको असते, 'भाई' म्हणवून घ्यायचं असतं. यातल्या प्रत्येकामागे मोठ्या माणसांचं एक जाळं आहे. माल कोण देतं, चोरलेला मोबाइल कोण विकत घेतं, वाढदिवसाला कोयता हातात कोण देतं, हे विचार. आताच्या बाल न्याय कायद्यात त्यांच्यासाठी कलमं आहेत. मुलाला अमली पदार्थ पोहोचवायला लावलं तर ७८, कुठल्याही बेकायदा कामाला लावलं तर ८३, दोन्हीत सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तुझ्या अभ्यासाच्या जिल्ह्यांत ही दोन कलमं किती वेळा लागली, ते माहितीच्या अधिकारात मागव. माझ्या काळात मला ती क्वचितच दिसली. पोराला पकडणं सोपं, त्याच्या मागच्या माणसाला पकडायला तपास करावा लागतो.

अजून एक रकाना चुकवू नकोस, कौटुंबिक पार्श्वभूमीचा. बेघर, अनाथ मुलं गुन्हेगार होतात, असं आपण बोलता बोलता म्हणून जातो. एनसीआरबीचा तक्ता वर्षानुवर्षं सांगतोय की पकडलेल्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त मुलं आईवडिलांजवळ राहणारी असतात. घर असतं, पण घरात दिवसभर कोणी नसतं. त्यात शहर आणि खेडं असा भेद नाही.

आता तुझ्या दुसऱ्या भागाकडे येते, कारण खरी मेख तिथे आहे.

कडक आणि मवाळ ही मापं मंडळाला लागू पडत नाहीत. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यात एक तरी स्त्री. त्यांच्यापुढे कलम १८ ची यादी असते: समज देऊन घरी सोडणं, समुपदेशन, सामाजिक सेवा, दंड, तीन वर्षांपर्यंत परिविक्षा (देखरेखीखाली घरी राहणं), आणि अगदी शेवटी तीन वर्षांपर्यंत विशेषगृह. तीन वर्षं ही कमाल मर्यादा. त्यामुळे 'किती शिक्षा झाली' हा प्रश्न विचारून तुझ्या हाती फारसं लागणार नाही. किरकोळ गुन्ह्यात तर मुदतवाढीनंतरही चौकशी संपली नाही तर प्रकरण आपोआप बंद होतं. हातात येईल तो मोठा गठ्ठा समज दिलेल्या, परिविक्षेवर सोडलेल्या आणि बंद झालेल्या प्रकरणांचा. त्यावरून 'मंडळं मवाळ आहेत' असं लिहून मोकळी होशील.

शिक्षा निकालाआधीच होऊन गेलेली असते. ती निरीक्षणगृहात होते, लोक ज्याला अजून रिमांड होम म्हणतात तिथे. कायदा म्हणतो, जामीन हा नियम. नाकारायचा तो तीनच कारणांनी: सराईत गुन्हेगारांच्या संगतीत पडण्याची शक्यता, मुलाला शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका, किंवा न्यायाचा हेतूच विफल होणं. गुन्हा किती मोठा, हे त्यात कारण नाही. तरी एक मुलगा दुसऱ्या दिवशी घरी जातो आणि त्याच गुन्ह्यातला दुसरा महिनोन्‌महिने आत राहतो. का, ते शोध. निकालाची तारीख बाजूला ठेव आणि प्रत्येक फाइलमध्ये दोनच तारखा टिप: आत आला कधी, बाहेर गेला कधी. तुझा सगळा प्रबंध त्या दोन तारखांवर उभा राहील.

एक उदाहरण देते. बीड जिल्ह्यातून आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला माणसं ऊसतोडीला निघतात, सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात. परततात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. या मधल्या काळात गावात राहिलेला सोळा वर्षांचा पोरगा एखाद्या मारामारीत सापडला तर काय होतं? परिविक्षा अधिकारी गृहभेटीला जातो. दाराला कुलूप. आजी कुठेतरी पडवीत, तिला सही करता येत नाही. अहवालात वाक्य येतं: 'पालक भेटले नाहीत, घरी देखरेख नाही.' मंडळ ते वाचतं आणि पोराला बाहेर सोडलं तर वाईट संगतीत जाईल म्हणून जामीन थांबवतं. कागदावर सगळं चोख. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेला बाप फड सोडून येऊ शकत नाही, ही गोष्ट त्या वाक्यात कुठेच नसते. तोच पोरगा मे महिन्यात सापडला असता तर बापाच्या हमीपत्रावर दुसऱ्या दिवशी सुटला असता. तुझ्या तक्त्यात हे 'मराठवाड्यात जामीन नाकारण्याचं प्रमाण जास्त' असं दिसेल. त्याचं उत्तर ऊस कारखान्यांच्या गळीत हंगामात आहे. कलम १२ मध्ये यावर एक तोडगाही आहे: जामिनाची अट सात दिवसांत पुरी झाली नाही तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून अट बदलायची. ती सातव्या दिवसाची तारीख फाइलमध्ये पडलेली दिसते का, तेवढं बघ.

म्हणून नमुना ६ मधला सामाजिक तपासणी अहवाल हा तुझा मुख्य दस्तऐवज मान. चांगला अहवाल चार-पाच पानांचा असतो. शाळेतले मास्तर, शेजारी, मालक, सगळ्यांशी बोलून लिहिलेला. वाईट अहवाल एकाच साच्यातला असतो, फक्त नाव बदललेलं: कुटुंबाची आर्थिक स्थिती बेताची, वाईट मित्रांची संगत, समुपदेशनाची गरज. असे दहा अहवाल सलग वाचलेस की अधिकाऱ्याकडे किती जिल्ह्यांचा भार होता तेही कळेल. मंडळ त्याच्यापुढे ठेवलेल्या पानांइतकंच शहाणं असतं.

कलमांचा खेळ आता. २०१२ च्या डिसेंबरमधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, त्यातल्या अल्पवयीन आरोपीला तीन वर्षंच मिळाली म्हणून देश संतापला, आणि तो सुटला त्याच महिन्यात, डिसेंबर २०१५ मध्ये, नवा बाल न्याय कायदा राज्यसभेत मंजूर झाला. १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू आहे. सोळा ते अठरा वयातल्या मुलाने घृणास्पद गुन्हा केला असेल तर मंडळ त्याची प्राथमिक पडताळणी करतं आणि वाटल्यास प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवतं, जिथे त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. फाशी आणि सुटकेची आशा नसलेली जन्मठेप तेव्हाही देता येत नाही. घृणास्पद म्हणजे काय? ज्याला कायद्याने किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे तो. 'किमान' या अटीवर सगळं फिरतं, आणि २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते पक्कं केलं: कमाल शिक्षा कितीही असो, किमान सात नसेल तर गुन्हा घृणास्पद नाही.

आता हे जमिनीवर उतरवून बघ. कोयत्याने कोणावर वार करून त्याला मरणाच्या दारात नेलं, तर खुनाचा प्रयत्न. त्याला किमान सात वर्षं नाहीत, म्हणून घृणास्पद नाही. त्याच कोयत्याचा धाक दाखवून दोन हजारांचा मोबाइल काढून घेतला आणि पोलिसांनी प्राणघातक शस्त्रासह जबरी चोरीचं कलम लावलं, तर किमान सात, घृणास्पद. साधी जबरी चोरी लावली तर पुन्हा नाही. म्हणजे पोराचा खटला लहानाचा की मोठ्याचा, हे बऱ्याचदा पहिल्या रात्री ठाण्यात कलम निवडणारा हवालदार ठरवून टाकतो. एका शहरात ते कलम सरसकट लावण्याची पद्धत असेल तर तिथे 'घृणास्पद बालगुन्हे' वाढलेले दिसतात.

मे २०२४ मधलं कल्याणीनगरचं पोर्शे प्रकरण तू वाचलं आहेसच. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा मुलगा, धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि काही तासांत जामीन, तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसकट. निबंधाची चेष्टा झाली, ती होणारच होती. मलाही तो आदेश पटला नाही, पण जामीन दिला म्हणून नव्हे. मुलाचा नीट अहवाल समोर नसताना इतक्या घाईने अटी ठरवल्या, म्हणून. नंतर जनक्षोभ झाला, मुलाला निरीक्षणगृहात ठेवलं गेलं, आणि जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते ठेवणं बेकायदा ठरवून त्याला आत्याकडे सोपवलं. जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याचा पोलिसांचा अर्ज मंडळाने फेटाळला. त्या वेळच्या दंड संहितेत सदोष मनुष्यवधाला किमान सात वर्षं नव्हती, हे आता तुला समजेल. रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप मोठ्यांवर आहे, तो खटला वेगळा.

याच्या शेजारी दुसरं प्रकरण ठेव, ज्याची बातमी होत नाही. सतरा वर्षांचा मुलगा, सोळा वर्षांची मुलगी, एकाच गावातले, जात वेगळी. पळून जातात, आठवड्याने सापडतात. मुलीचा बाप तक्रार देतो. २०१२ पासून पोक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात, अठराच्या आतली संमती ही संमतीच नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा दहा वर्षं, गंभीर स्वरूपात वीस. म्हणजे हा मुलगा कायद्याच्या लेखी घृणास्पद गुन्ह्यातला, त्याची प्राथमिक पडताळणी होणार. आणि भरधाव गाडीने माणसं मारणाऱ्याची होणार नाही. ग्रामीण जिल्ह्यांच्या मंडळांत बसशील तेव्हा पोक्सोच्या ढिगात अशी प्रकरणं तुला इतकी दिसतील की 'ग्रामीण भागात मुलांकडून लैंगिक गुन्हे वाढले' हे वाक्य लिहिताना तुझा हात थांबला पाहिजे. त्याच ढिगात खरोखर भयंकर प्रकरणंही असतात, पाच-सहा वर्षांच्या मुलींची. दोन्ही एका रकान्यात टाकलीस तर दोन्हींवर अन्याय. एफआयआरमधलं मुलीचं वय आणि तिचा पहिला जबाब वाचून ढीग वेगळे कर. वेळ जाईल, पण त्याशिवाय प्रबंधाचं चौथं प्रकरण लिहूच नकोस.

पडताळणीतही प्रदेशाचा हात असतो. मंडळाने बघायचं असतं ते मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्हा घडला ती परिस्थिती. २०२२ मध्ये गुरुग्रामच्या शाळेतल्या खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की हे नाजूक काम आहे, मंडळात बालमानसशास्त्राचं किंवा मानसोपचाराचं शिक्षण घेतलेलं कोणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल. पुण्या-मुंबईत, ठाणे शहरात, नागपुरात मोठी मनोरुग्णालयं आहेत, संस्था आहेत. दूरच्या जिल्ह्यात काय मिळतं? बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत पोराला चार प्रश्न विचारून दिलेला अर्ध्या पानाचा कागद: 'वेळ, स्थळ, व्यक्ती यांचं भान आहे.' भान असणं आणि परिणाम समजणं यांत किती अंतर आहे ते मी तुला सांगायला नको. तज्ज्ञाचा अहवाल किती पानांचा, मुलाला किती वेळा भेटून केलेला, एवढंच जिल्हावार मांडलंस तरी तुझा प्रबंध कोणीतरी उचलून वाचेल.

वयाचंही तसंच. सोळा आणि अठरा या दोन रेषांवर इतकं अवलंबून असताना ती वयं येतात कुठून? कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला, तेही नसेल तर हाडांची तपासणी. आणि आपल्या शाळांच्या जुन्या रजिस्टरांत जून महिन्याची पहिली तारीख किती जणांची जन्मतारीख आहे, ते तुझ्या आजोबांना विचार. आता जन्मनोंदी सुधारल्या, पण भटक्या कुटुंबांत आणि स्थलांतरितांत अजून गुरुजींच्या अंदाजाने वय ठरतं. पुण्यातल्या १९९४ च्या एका हत्याकांडात फाशी झालेला आरोपी गुन्ह्याच्या वेळी जेमतेम साडेबारा वर्षांचा होता, हे मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीवरून. तोवर अठ्ठावीस वर्षं तो तुरुंगात होता. वयाचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर काढता येतो, अगदी अंतिम निकालानंतरही, ही तरतूद त्याच्या कामी आली. बाहेरच्या राज्यातून आलेल्या पोराचा दाखला मागवायला कोण जातं, कोण पैसे खर्च करतं, हा प्रश्न तुझ्या प्रश्नावलीत हवा.

विलंबाबद्दल फार लिहीत नाही. २०२५ मध्ये इंडिया जस्टिस रिपोर्ट या न्यायव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या उपक्रमाने देशातल्या ३६२ मंडळांचा अभ्यास काढला. ऑक्टोबर २०२३ अखेर निम्म्याहून जास्त प्रकरणं पडून होती, ओडिशात ८३ टक्के तर कर्नाटकात ३५. दर चारांतलं एक मंडळ अपुऱ्या सदस्यांवर चालत होतं. तुझ्या जिल्ह्यांत सदस्यांची पदं कधीपासून रिकामी आहेत, दंडाधिकारी आठवड्यातून किती दिवस मंडळाला देतात, हे विचारून घे. तेवढ्यावरून निकालांचा अर्धा फरक उलगडतो.

आता कामाचं. जिल्हे कमी कर. सगळा महाराष्ट्र एका प्रबंधात मावत नाही. एक मोठं शहर, एक ऊसतोडीचा जिल्हा आणि एक कोकणातला, एवढे तीन पुरेत. मंडळाच्या परवानगीचा अर्ज प्रधान दंडाधिकाऱ्यांच्या नावाने कर, प्रत जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना दे. मुख्य न्यायदंडाधिकारी दर तीन महिन्यांनी प्रलंबित प्रकरणांचा आढावा घेतात. त्या आढाव्याचे तक्ते मागितलेस तर निदान वयोगट आणि मुदती आयत्या मिळतील. जुन्या फाइली शोधू नकोस. अपिलाची मुदत किंवा नियमात दिलेला काळ संपला की त्या सहसा नष्ट करायच्या असतात. संशोधकाला ते नडतं, पण मोठा होऊन नोकरी शोधणाऱ्या पोरासाठी तेच बरोबर आहे. कलम ७४ तुला पाठ असेल: ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नाव गाळणं पुरत नाही. गावाचं नाव आणि घटनेचं वर्णन एकत्र आलं की आख्ख्या तालुक्याला मुलगा कळतो. तुझ्या आराखड्यातली 'केस क्रमांक ३' मी वाचल्या वाचल्या ओळखली. तालुका काढ, महिना काढ, बापाचा व्यवसाय बदलू नकोस पण ढोबळ कर.

मुलांशी बोलायला मिळालं तर गुन्ह्याबद्दल विचारू नकोस. ते पोलिसांना, वकिलाला, मंडळाला, समुपदेशकाला सांगून त्यांची गोष्ट गुळगुळीत झालेली असते. पकडलं त्या दिवशी रात्री कुठे झोपलास, घरी फोन कोणी केला, आत आल्यावर शाळेचं काय झालं, एवढं विचार. या उत्तरांतून तुला जिल्ह्याजिल्ह्यातला फरक कळेल.

नमुना ६ ची एक कोरी प्रत आणि मी वापरायची ती गृहभेटीची प्रश्नावली पोस्टाने पाठवते आहे. प्रश्नावली जुनी आहे, मोबाइलबद्दल तिच्यात एकही प्रश्न नाही, तो भाग तू नव्याने कर आणि मला दाखव. बीडला जाणार असशील तर दिवाळीनंतर जा आणि पुन्हा मे महिन्यात जा, दोन्ही वेळा त्याच मंडळात बस. मार्गदर्शकांना खर्चाचं कारण लागेल. त्यांना गळीत हंगामाचा परिच्छेद दाखव.

आशीर्वाद.

तुझी,
मॅडम